वाळूच्या पिशव्या

३ सप्टेंबर, मंगळवार

धाकट्या बहिणीला छातीच्या दवाखान्यात नेऊन आणलं. नवीन औषध मिळेल या आशेने गेलो होतो. औषधं तीच ठेवली आणि वर पायांचे व्यायाम सांगितले. मी डॉक्टरांना सरळ विचारलं, "आजार छातीत आहे ना? मग शिक्षा पायांना कशाला?" ते हसले. नातेवाइकांना हसणारे डॉक्टर मला आवडत नाहीत.

पलीकडच्या खोलीत एक बाई व्यायाम शिकवते. बोलताना मान सारखी इकडून तिकडे, दोन्ही हातांत कायम काहीतरी धरलेलं. आम्ही बाहेर पडायच्या आत धाकटीने तिचं नाव 'खारूताई' ठेवलं होतं. खारूताईने टेप काढून धाकटीची मांडी मोजली. कपडा वर सरकला तेव्हा मला दिसलं की मांडी म्हणावी असं तिथे काही उरलेलंच नाही. हाड, आणि त्यावर सैल कातडी. रोज पाहते मी तिला. हे कधी झालं?

खारूताई म्हणाली, "फुप्फुसं जेवढी गेली तेवढी गेली, ती मी परत आणू शकत नाही. पाय मात्र परत मिळतात. अशक्त पाय उधळे असतात. थोड्याशा कामाला फार हवा मागतात. पाय भक्कम झाले की आहे त्या हवेत भागतं." मग माझ्याकडे वळून, "घरात ह्या कितपत चालतात?"

"चालायची वेळच येऊ देत नाही मी. पाणी, औषध, जेवण, सगळं हातात देते."

"हं," ती म्हणाली. मला ते 'हं' आवडलं नाही.

परत येताना धाकटी म्हणाली, "म्हणजे ताई... दोन वर्षं बसून... माझे पाय तू खाल्लेस." ती आता अशीच तुकड्यातुकड्यांनी बोलते. मध्ये श्वास घेते आणि राहिलेला टोमणा पुरा करते. टोमणा अर्धवट सोडलाय असं अजून एकदाही झालेलं नाही.

४ सप्टेंबर, बुधवार

तिने आयुष्यात कधी विडी-सिगारेट ओढली नाही. सूतगिरणीत नोकरी केली, एवढंच. तिथली कापसाची धूळ घरी केसांतून यायची, ती छातीतही जात होती हे कळायला म्हातारपण यावं लागलं. निवृत्त झाल्यावर ती लेकीकडे राहायची. पण लेक राहते तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. शेवटी शेवटी धाकटी एकदा खाली उतरली की तिला वर न्यायला दोघंजण लागायचे. म्हणून मी तिला माझ्याकडे आणलं. माझ्या खोल्या तळमजल्यावर आहेत. आता भाचीच छोटीला कडेवर घेऊन रविवारी इकडे येते. धाकटीने त्या घरात पुन्हा पाऊल टाकलेलं नाही. नात तिथे रांगायला लागली, उभी राहिली, ते हिने ऐकलं फक्त.

जुन्या चादरीच्या दोन लांबोळक्या पिशव्या शिवल्या आणि त्यांत वाळू भरली. घोट्याला बांधून खुर्चीत बसायचं आणि पाय गुडघ्यातून सरळ करायचा. दुसरा व्यायाम म्हणजे हात न टेकता खुर्चीवरून उठणं आणि बसणं. तिसरा, ओट्याच्या कडेला धरून टाचा उचलणं. मी शाळेत गणित शिकवलं, जोडीला कवायत घेतली, आणि मुख्याध्यापिका म्हणून बाहेर पडले. हे मला जड जायचं कारण नाही.

९ सप्टेंबर, सोमवार

कवायत सुरू आहे. मी समोर उभी राहते. "पाठ ताठ. श्वास घ्या. रोखा. उठा!" ती उठते, आणि लगेच पांढरीफटक पडून खुर्चीत आदळते. प्राणवायू मोजायचा चिमटा बोटाला लावला तर आकडा खाली गेलेला. मी ताबडतोब व्यायाम थांबवते आणि पाणी देते.

"मोठ्या बाई," ती म्हणाली, "घंटा... वाजवा. शाळा... सुटली."

दुपारी दूध उतू गेलं. मी ओट्यापाशीच उभी होते.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आज खारूताईसमोर एकदा करून दाखवायचं होतं. धाकटीने छाती भरून श्वास घेतला, गालात कोंडला आणि उठली. खारूताई किंचाळलीच. "अहो, रोखताय काय! फुगा फुटेल. उठताना सोडायचा श्वास. ओठ शीळ घातल्यासारखे करायचे आणि सावकाश सोडायचा. समोर मेणबत्ती असेल तर ज्योत हलली पाहिजे, विझता कामा नये. रोखायला कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणी नाही," धाकटी म्हणाली. "माझीच... अक्कल."

मी खिडकीतून बाहेर पाहत होते. आठवडाभर मी तिचा श्वास कोंडत होते, कारण कवायतीत तसंच असतं. इतक्या तुकड्यांना इतकी वर्षं मी तेच सांगितलं. त्या मुलींची फुप्फुसं धडधाकट होती, चालून गेलं.

खारूताईने आणखी एक सांगितलं. थोडी धाप लागलीच पाहिजे. बोलता येतंय पण गाता येणार नाही, इतपत. धाप दिसली की मी थांबवते, ते चुकीचं. "धापेला भिऊन बसून राहिलं की पाय आणखी वाळतात, आणि मग धाप आणखी लवकर लागते," ती म्हणाली. "तुम्ही घाबरलात की ह्या घाबरतात."

निघताना मला म्हणाली, "आणि तुम्ही कधी झोपता?" मी म्हटलं, रात्री. आगाऊ आहे.

२२ सप्टेंबर, रविवार

भाची आली होती. धाकटीने तिला उठून दाखवलं, हात न टेकता, ओठांतून फू करत. छोटीला तो खेळ वाटला. तीही खुर्चीपाशी उठाबशा काढत फू फू करत राहिली. सगळ्या हसल्या. मीही, बहुतेक.

नंतर मी भांडी विसळत असताना दोघी मायलेकी हळू आवाजात बोलत होत्या. मी गेले तर गप्प. भाचीला डिसेंबरपासून कामावर परत जायचंय, त्याबद्दल चाललं होतं म्हणे. छोटीसाठी कुणी बाई मिळते का ते बघते आहे. मग भाचीने मला विचारलं, "मावशी, ही बिनहाताची खुर्ची कुठून आणलीस गं? उंची किती आहे हिची?" मी उंची मोजून दिली. तिला जेवणाच्या टेबलासाठी तशा खुर्च्या हव्या असतील.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

आज धाकटी स्वतः उठून स्वयंपाकघरापर्यंत आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. मी कणीक मळत होते.

"बस जाऊन," मी म्हटलं.

"बसून बसून... खुर्चीला माझा... आकार आलाय."

तिने स्वतःच्या हाताने पाणी घेतलं आणि माझ्यासाठीही ओतलं. मला तहान नव्हती, पण प्यायले. घर अचानक लहान वाटलं. दोन वर्षं मी या स्वयंपाकघरात एकटीच वावरते आहे. दुसरं माणूस कुठे उभं राहील याची सवयच राहिलेली नाही.

८ ऑक्टोबर, मंगळवार

ताप, खोकला, पिवळा कफ. डॉक्टर घरी येऊन गेले. व्यायाम बंद. पुन्हा सगळं हातात देते आहे. खोकल्याची उबळ आली की उठते, तिला टेकून बसवते, पाठीवरून हात फिरवते.

एक गोष्ट लिहायला नको, पण लिहिते. तिला पलंगावर ठेवून मी ओट्याशी उभी राहिले तेव्हा मला हलकं वाटलं. ती कुठे आहे हे मला पक्कं ठाऊक होतं.

१६ ऑक्टोबर, बुधवार

ताप गेला. पाय मात्र पुन्हा होते तसे. किती लवकर विरघळतात! कमवायला महिना लागतो आणि जायला आठवडा पुरतो. पलंगावरून उठताना तिचे गुडघे थरथरत होते. मी काखेत हात घालून उचलायला गेले तर माझीच पाठ धरली, आणि दोघी पलंगावर बसलो.

"तू मला... उचलायला लागलीस," ती म्हणाली, "तर दोघी... पडू."

भाजीत मीठ दोनदा पडलं. तिने निमूटपणे खाल्ली, हे तिच्या स्वभावाला धरून नाही.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

भांडण झालं. मी म्हणाले, हे व्यायामाचं आता पुरे. झेपत नाही तर कशाला? इथे तुला काय कमी आहे? चालायचं ते न्हाणीघरापर्यंत, तिथवर मी आहेच.

तिने गुडघ्यांवर हात टेकले आणि मान खाली घातली. मला वाटलं, श्वास गोळा करतेय. करतच होती. मग एका दमात म्हणाली, "ताई, तुला मी आजारीच हवीय का?"

मध्ये कुठेही न थांबता. कित्येक महिन्यांनी तिने एवढं सलग वाक्य उच्चारलं, आणि ते हे.

मी पायात चपला घातल्या आणि बाहेर पडले. कोपऱ्यापर्यंत जाऊन पाहिलं तर दोन पायांत दोन जोडांच्या.

२३ ऑक्टोबर, बुधवार

आज सकाळी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली आणि वाळूच्या पिशव्या तिच्या शेजारी. धाकटीने पाहिलं. अर्धी वाळू काढून टाकली होती, तेही पाहिलं.

"शाळा... उघडली?" ती म्हणाली.

"गप्प बस आणि श्वास सोड."

तिने सोडला, आणि उठली.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

वाळू पुन्हा पूर्ण भरली आहे. इमारतीच्या पायऱ्यांवरही सराव करतो. एक पायरी वर, एक खाली, कठड्याला हात. पहिल्या मजल्यापर्यंत जाऊन येते. आधी त्यातल्या त्यात भक्कम पाय, श्वास सोडत. मी मागे असते, हात पुढे करून. पाठ दुखते, तरी तसंच राहायचं.

"हात काढ," ती म्हणते. "गोलकीपर आहेस का?"

आज दवाखान्यात खारूताई खूश होती. मांडी मोजली, टेप पहिल्यापेक्षा पुढे गेली. धाकटीने तिला विचारलं, "वर राहणाऱ्या माणसाने... रोज एकदा खाली उतरलं... तर पाय टिकतील?" खारूताई म्हणाली, टिकतील, उलट तेच हवं, फक्त घाई नको आणि श्वासाच्या औषधाचा पंप खिशात हवा. वर कोण राहतं म्हणून मी विचारलं. दोघी टेपकडे बघत राहिल्या. मग खारूताई म्हणाली, असंच, सर्वसाधारण प्रश्न आहे.

मी बाकावर टेकले होते. पुढचं ऐकलं नाही, डोळा लागला असावा. उठवायला धाकटी आली. दालनाच्या त्या टोकापासून, एकटी, चालत.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

ठरलं. एक तारखेला, रविवारी, धाकटी लेकीच्या घरी जाणार. जिना चढून. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी म्हणाले, दुपारी जाऊ आणि संध्याकाळी परत. ती म्हणाली, "जाऊ या तर... आधी."

तिने कुंडीतलं रोप शेजारणीला देऊन टाकलं. रोज पाणी घालायचं लक्षात राहत नाही म्हणे. मी घालते रोज, तिला कशाला लक्षात ठेवायचंय? शिवाय माझ्या मागे लागली आहे, वाचनालयात परत नाव घाल. "गुरुवारी तिथे... बायका जमतात. तू मोठी... वक्ता होतीस." मी म्हटलं, वेळ कुणाला आहे? तर म्हणाली, "होईल."

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

घडीची खुर्ची दुरुस्त करून आणली. प्रत्येक मजल्यावर टाकायची म्हणजे तिला बसता येईल. धाकटीने आपली पिशवी स्वतः भरली आणि मला हात लावू दिला नाही. छोटीसाठी खेळणी असणार. चांगलीच जड आहे.

१ डिसेंबर, रविवार

सगळं नीट लिहून काढते.

पिशवी माझ्या एका खांद्यावर, खुर्ची दुसऱ्या हातात. धाकटीच्या हातात काहीच नाही, खिशात पंप. भाची वरून खाली आली आणि छोटीला घेऊन पुढे चढायला लागली. धाकटीने कठडा धरला. ओठ शीळ घातल्यासारखे केले.

पहिल्या मजल्यावर ती बसली. मी बोटाला लावायचा चिमटा पुढे केला तर म्हणाली, "राहू दे. मला... कळतंय." बोलता येत होतं, गाता आलं नसतं. बरोबर होतं ते. मी चिमटा परत ठेवला.

दुसऱ्या मजल्यावर एक शिंपी राहतात. ते दार उघडून उभे होते. "अहो, कितीतरी दिवसांनी!" म्हणाले. मी खुर्ची उघडत होते तर धाकटी म्हणाली, "नको." भिंतीला टेकून उभी राहिली. शिंपीकाकांना म्हणाली, "तुमचा... तो कोट... झाला का?" ते म्हणाले, "कधीच. घालणारा जाडा झाला." ती हसली, हसण्यात तिचा श्वास गेला, तो तिने उभ्यानेच परत मिळवला. मी खुर्ची मिटली.

शेवटचा जिना. मी मागे हात पुढे करून. पिशवीचा पट्टा खांद्यात रुतत होता. माझी धाप मला ऐकू येत होती, तिची येत नव्हती. दारात छोटी उभी होती आणि फू फू करत होती. धाकटी उंबऱ्याला धरून थांबली, मग आत गेली. पाय थरथरत होते, पण तेच तिला घेऊन गेले.

आम्ही टेकलो. पाणी झालं, खाणं झालं. छोटीची खेळणी द्यावी म्हणून मी पिशवी उघडली. वर तिचे कपडे होते, रोजचे, सगळे. त्याखाली औषधं, महिनाभराची. तळाशी माझ्या चादरीच्या दोन पिशव्या.

दोन तासांच्या भेटीला कुणी वाळू नेत नाही.

आतल्या खोलीचं दार उघडं होतं. खिडकीशी पलंग, स्वच्छ चादर घातलेला. भिंतीला टेकवून बिनहाताची खुर्ची, मी मोजून दिलेल्या उंचीची. वाळू मीच शिवली, मीच भरली आणि मीच तीन जिने वर आणून दिली.

"कधी ठरलं?" मी विचारलं.

भाची म्हणाली, "मावशी, आई म्हणते तू झोपतच नाहीस. तिला खोकला आला की तुझा दिवा लागतो. ती म्हणते, तोंडावर उशी धरून खोकायची वेळ—"

"पुरे," धाकटी म्हणाली. मग मला, "मला छोटीशी... खेळायचंय. तेही खरं. दोन्ही... खरं आहे."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं... तर पिशवी... उचलली असतीस?"

मी औषधं काढून टेबलावर मांडली. भाचीला पंपाच्या वेळा सांगितल्या. तिला पाठ होत्या. आडवी झोपवू नकोस, पाठीमागे दोन उशा हव्यात, असं सांगितलं. पलंगावर दोन उशा होत्या. मग मी उठले.

"खुर्ची ठेवते," मी म्हटलं.

"घेऊन जा," धाकटी म्हणाली. "मला... नाही लागत."

खाली उतरताना दुसऱ्या मजल्यावर थांबले. मी खुर्ची उघडली आणि बसले. जिन्यात कुणी नव्हतं. मग शिंपीकाकांनी दार उघडलं. "कुणाची वाट बघताय का?"

"नाही," मी म्हणाले. "बसलेय."

ते आत गेले. वरून छोटीचं फू फू ऐकू येत होतं, आणि तिच्याबरोबर आणखी कुणाचं तरी.

२ डिसेंबर, सोमवार

झोपले. जाग आली तेव्हा ऊन पायांवर आलं होतं. क्षणभर वाटलं, काहीतरी विसरलं.

६ डिसेंबर, शुक्रवार

वाचनालयात गेले नाही. पुढच्या गुरुवारी पाहू.

धाकटी रोज एकदा खाली उतरते आणि शिंप्याशी गप्पा मारून चढते, असं भाची सांगते. परवा रविवारी इकडे येणार आहे. न्यायला येऊ का विचारलं, तर म्हणाली, "पाय... कशाला दिलेत?"

आज सकाळी तिचाच फोन आला. "मोठ्या बाई, कवायतीची वेळ. खुर्ची... घेतलीस?"

"मला काय झालंय?"

"घे. भिंतीला... लाव. आणि फोन... कानाला धर."

नसता हट्ट. पण तिच्याशी वाद घालायचा म्हणजे तिचा श्वास खर्च करायचा. म्हणून लावली. तिकडे तिने फू केलं आणि उठली, ते मला ऐकू आलं. इकडे मी उठले. बसले. पुन्हा उठले. तिसऱ्या वेळी मला गुडघ्यांवर हात टेकावे लागले.

"हात टेकलेस ना?" ती म्हणाली.

फोनवरून तिला काय दिसलं कोण जाणे.

"नाही," मी म्हणाले. "गप्प बस आणि श्वास सोड."

"सोडलाय," ती म्हणाली. "आता... तू सोड."